क्योतोचा वसंत

विद्यार्जनासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी आपल्याबरोबर ग्रंथ नेतो, वस्त्रे नेतो आणि मायदेशाच्या आठवणीही नेतो. परंतु आपल्या देशाचे ऋतू मात्र त्याला बरोबर नेता येत नाहीत. नव्या देशाची भाषा जशी त्याला नव्याने शिकावी लागते, तसेच तेथील ऋतूही नव्याने ओळखावे लागतात. थंडी केव्हा ओसरते, पहिले फूल कोणत्या झाडावर उमलते, ते पाहून तेथील लोक काय करतात, या गोष्टी वर्गात बसून कळत नाहीत. त्या नगरात हिंडून आणि तेथील माणसांच्या संगतीत राहूनच कळतात. अशा शिक्षणासाठी जपानमधील क्योतो नगराइतकी उत्तम शाळा क्वचितच आढळेल.

क्योतो हे जपानच्या होन्शू या मुख्य बेटावरील प्राचीन नगर होय. त्याच्या उत्तरेस, पूर्वेस आणि पश्चिमेस डोंगर आहेत व त्यांच्या कुशीतून कामो नदी दक्षिणेकडे वाहत जाते. इ. स. ७९४ मध्ये येथे जपानची राजधानी वसवण्यात आली. पुढे हजारांहून अधिक वर्षे सम्राटांचे वास्तव्य याच नगरात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी टोकियो येथे गेली. तरी विद्येचे केंद्र म्हणून क्योतोचा लौकिक कायम राहिला. १८९७ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. जपानला पहिले नोबेल पारितोषिक १९४९ साली मिळवून देणारे पदार्थविज्ञानवेत्ते हिदेकी युकावा हे याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. १९५४ सालापासून जपान सरकार परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत आले आहे. त्यांच्या साहाय्याने निरनिराळ्या देशांतील तरुण जपानमधील विद्यापीठांत अध्ययनासाठी येतात. त्यांतील काहींच्या वाट्यास क्योतो येते.

उष्ण प्रदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला क्योतोचा हिवाळा कठीण वाटतो. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट भूमीत थंड हवा साचून राहते. पहाटे अंगण दवाऐवजी हिमकणांनी पांढरे झालेले दिसते. रस्त्याकडेच्या झाडांवर एकही पान नसते. आपल्याकडे वड, आंबा, फणस ही झाडे बारा महिने हिरवी पाहणाऱ्याला ती उघडी झाडे वाळून गेली आहेत की काय, असा संशय येतो. दिवस लहान असतो, बाहेर काळोख लवकर पडतो आणि खोलीत एकटे बसून अभ्यास करताना घरची आठवण वारंवार येते. अशा वेळी त्याला धीर देणारे पहिले फूल म्हणजे उमे. जर्दाळूच्या जवळच्या नात्यातील या झाडाला पांढरी, गुलाबी व तांबडी फुले येतात. तीही फेब्रुवारीतच, म्हणजे थंडी भर जोरात असताना!

उमेची फुले पाहण्यासाठी क्योतोचे लोक कितानो तेनमानगू या देवस्थानात जातात. हे देवस्थान सुगावारा नो मिचिझाने या थोर विद्वानाच्या स्मृतीस वाहिलेले आहे. मिचिझाने हा नवव्या शतकातील कवी व राजमंत्री होता. दरबारातील कारस्थानांमुळे त्याला दूर दाझाइफू येथे पाठवण्यात आले आणि ९०३ साली तेथेच त्याचा अंत झाला. पुढे लोक त्याला विद्येचा देव मानू लागले. त्याला उमेचे झाड फार प्रिय होते, म्हणून त्याच्या देवळाभोवती ही झाडे मोठ्या संख्येने लावलेली आहेत. २५ फेब्रुवारी या त्याच्या पुण्यदिनी तेथे पुष्पोत्सव होतो. जपानमधील प्रवेश परीक्षाही याच सुमारास असतात. परीक्षार्थी मुले देवळात येऊन लाकडाच्या लहान पाटीवर यशाची प्रार्थना लिहितात आणि ती पाटी तेथेच टांगतात. परदेशी विद्यार्थ्याला ती अक्षरे अजून नीट वाचता येत नसली, तरी त्या पाट्यांमागची धडधड त्याला सहज ओळखता येते.

उमेची फुले झडू लागली की सगळ्या नगराचे लक्ष साकुराकडे लागते. साकुरा म्हणजे चेरीच्या कुळातील एक फुलझाड. ते फळांसाठी नव्हे, तर फुलांसाठीच लावतात. ते केव्हा फुलेल, याचे अंदाज वृत्तपत्रांत छापले जातात व नभोवाणीवर सांगितले जातात. क्योतोमध्ये निजो किल्ल्याच्या आवारातील एक ठरावीक झाड हवामान खात्याने निरीक्षणासाठी निवडले आहे. त्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की नगरात साकुरा फुलू लागला असे जाहीर होते. आणि सुमारे ऐंशी टक्के कळ्या उमलल्या, की पूर्ण बहर आला असे समजतात. एका झाडावरील पाच फुलांची वार्ता साऱ्या नगराला आनंद देते, ही गोष्ट नवख्या माणसाला प्रथम गमतीची वाटते.

परंतु झाडाला आपली वेळ कशी कळते? हे समजून घेणे मोठे मनोरंजक आहे. साकुराच्या कळ्या वसंतात तयार होत नाहीत. त्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरद ऋतूत निद्रिस्त होतात. ही निद्रा मोडण्यासाठी त्यांना काही आठवडे कडक थंडी मिळावी लागते. थंडी पुरेशी मिळाल्यावर कळ्या आतून जाग्या होतात. मग हवेतील उष्णता जसजशी वाढते, तसतशा त्या फुगू लागतात. म्हणजे ज्या थंडीने परदेशी विद्यार्थी कावून जातो, तीच थंडी त्या फुलांची पूर्वतयारी करीत असते.

या ज्ञानावरून जपानी लोकांनी एक सोपा हिशेब बसवला आहे. १ फेब्रुवारीपासून प्रत्येक दिवसाचे सर्वांत अधिक तापमान लिहावे आणि त्यांची बेरीज करीत जावे. ती बेरीज सहाशे अंशांच्या आसपास पोहोचली, की साकुरा फुलू लागतो. समजा, फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत रोज दहा अंश तापमान असले, तर महिनाअखेर बेरीज दोनशे ऐंशी होईल. उरलेले तीनशे वीस अंश मार्चमध्ये रोज चौदा अंश या हिशेबाने तेवीस दिवसांत भरतील. म्हणजे पहिली फुले २३ मार्चच्या सुमारास दिसतील. आता दोन्ही महिन्यांत रोजचे तापमान केवळ दोन अंशांनी अधिक धरले, तर हीच बेरीज १७ मार्चलाच पुरी होते. हा हिशेब अगदी काटेकोर नव्हे, तो ढोबळ अंदाज आहे. तरीही दोन अंशांचा फरक फुलांना किती जाणवतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

साकुराच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी सोमेइयोशिनो ही जात आज सर्वत्र आढळते. एकोणिसाव्या शतकात टोकियोजवळच्या सोमेइ नावाच्या गावातील माळ्यांनी तिचा प्रसार केला. ही झाडे बी पेरून वाढवीत नाहीत, तर कलमे करून वाढवतात. कोकणात हापूस आंब्याचे कलम बांधतात, तेव्हा मूळ झाडाचे सर्व गुण जसे नव्या झाडात उतरतात, तसेच येथेही घडते. त्यामुळे जपानमधील लक्षावधी सोमेइयोशिनो झाडे म्हणजे जणू एकाच झाडाची पसरलेली रूपे होत. एका नगरातील ती सर्व झाडे जवळजवळ एकाच वेळी का फुलतात, याचे मुख्य कारण हेच. शिवाय आपल्या पळसाप्रमाणे या झाडावरही पाने येण्यापूर्वी फुले येतात. म्हणून बहरलेले झाड दुरून पाहिले असता फांद्यांवर शुभ्र गुलाबी मेघ उतरल्याचा भास होतो.

एप्रिल महिना जपानमध्ये दुहेरी महत्त्वाचा आहे. तेथील शाळा व विद्यापीठे याच महिन्यात सुरू होतात. नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत करण्याचा समारंभही तेव्हाच होतो. त्यामुळे फुललेला साकुरा आणि शाळेचा पहिला दिवस या दोन गोष्टी जपानी माणसाच्या मनात एकमेकींशी घट्ट जोडल्या गेल्या आहेत. परदेशी विद्यार्थी नव्या वर्गात भीतभीत पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या शेजारचा जपानी मुलगाही तितकाच बावरलेला असतो. अशा वेळी फुलांचा विषय निघाला, की परक्या माणसांतही संभाषण सुरू होते.

बहर आल्यावर नगर पाहावयाचे, तर पायीच हिंडावे. ताकानो नदी कामो नदीला मिळते, तेथे पात्रात मोठमोठे दगड ओळीने ठेवले आहेत. काही दगड कासवाच्या आकाराचे आहेत. त्यांवरून उड्या मारीत मुले, विद्यार्थी आणि वृद्ध माणसेही पैलतीराला जातात. पूर्वेकडील डोंगरांच्या पायथ्याशी एका कालव्याच्या काठाने सुमारे दोन किलोमीटर लांबीची पायवाट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्योतो विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कितारो निशिदा या वाटेने चिंतन करीत फिरत असत, म्हणून तिला 'तत्त्वज्ञाची वाट' असे नाव पडले. तिच्या काठची साकुराची झाडे मुळात कान्सेत्सु हाशिमोतो या चित्रकाराने व त्याच्या पत्नीने नगराला भेट दिली होती.

या वाटेजवळून वाहणाऱ्या पाण्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घेण्यासारखा आहे. राजधानी टोकियोस गेल्यावर क्योतोला अवकळा येऊ लागली होती. तेव्हा डोंगरापलीकडील बिवा सरोवराचे पाणी बोगद्यांतून नगरात आणण्याची योजना निघाली. साकुरो तानाबे नावाच्या तरुणाने विद्यार्थी असताना या योजनेवरच आपला प्रबंध लिहिला होता. १८८३ साली तो पदवीधर झाला आणि अवघ्या काही वर्षांत त्याच कामाची जबाबदारी त्याच्यावर सोपवण्यात आली. १८८५ ते १८९० या काळात कालवा पुरा झाला. पुढच्याच वर्षी त्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली. विद्यार्थ्याच्या वहीतील विचार एका नगराला पुन्हा उभे करू शकतो, याची साक्ष ते पाणी आजही देत आहे. कालव्याच्या ज्या उतरंडीवरून पूर्वी रुळांच्या साहाय्याने नौका चढवीत व उतरवीत असत, तेथे आता दोन्ही बाजूंना साकुरा फुलतो.

फुलांखाली बसून भोजन करण्याच्या प्रथेला 'हानामी' म्हणतात. हानामी म्हणजे पुष्पदर्शन. कुटुंबे, शेजारी, कचेरीतील सहकारी, विद्यार्थी व त्यांचे अध्यापक झाडाखाली चटया अंथरून बसतात. पादत्राणे चटईबाहेर ओळीने काढून ठेवलेली असतात. घरून आणलेले डबे उघडले जातात. गुलाबी, पांढऱ्या व हिरव्या रंगांचे तांदळाच्या पिठाचे लहान गोळे एका काडीत ओवलेले असतात. साकुराच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली गोड पक्वान्नेही असतात. परदेशी विद्यार्थ्याने आपल्या पद्धतीचा एखादा पदार्थ करून नेला, तर त्याचे मोठ्या कौतुकाने स्वागत होते. या आनंदाला काही नियमही आहेत. फांदी मोडावयाची नाही, फुले तोडावयाची नाहीत, मुळांवर भार पडेल असे वागावयाचे नाही आणि उठताना आपला केरकचरा आपणच घेऊन जावयाचा. हे नियम कोणी मोठ्याने सांगत नाही. इतरांचे पाहून ते शिकावयाचे असतात.

फुलांतील मध चाखण्यासाठी मेजिरो नावाचा हिरवट चिमुकला पक्षी फांद्यांवरून उलटासुलटा लोंबकळत फिरतो. त्याच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते. महाराष्ट्रातील चष्मेवाला हा पक्षी त्याचाच जवळचा आप्त आहे. घरापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या विद्यार्थ्याला तो पक्षी पाहून गावाकडचा सोबती भेटल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

हा बहर फार दिवस टिकत नाही. पूर्ण उमलल्यावर साधारण आठवड्याभरात फुले गळू लागतात, आणि वादळी पाऊस आला तर त्याहूनही लवकर. वाऱ्याच्या झोताबरोबर असंख्य पाकळ्या उडतात, तेव्हा त्या दृश्याला जपानी लोक 'फुलांचे हिमवादळ' म्हणतात; पाण्यावर तरंगत जाणाऱ्या पाकळ्यांच्या थरांना 'फुलांचा तराफा' म्हणतात. फुलांच्या दिवसांत अचानक परतणाऱ्या थंडीसाठीही त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. एका फुलझाडाकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्षपूर्वक पाहिल्यावाचून असे शब्द निर्माण होत नाहीत. ज्याचा बहर हुकला असेल, त्याला निन्नाजी या मंदिराच्या आवारात अजून एक संधी मिळते. तेथील साकुराची झाडे ठेंगणी असून ती इतरांच्या मागून फुलतात.

क्योतोच्या लोकांचे हे लक्षपूर्वक पाहणे किती जुने आहे, हे ऐकून आश्चर्य वाटते. ८१२ साली सम्राट सागा याने शिन्सेन्‌एन नावाच्या उद्यानात साकुराच्या फुलांचा उत्सव केला, अशी नोंद जुन्या इतिहासग्रंथात आहे. त्या उद्यानाचा उरलेला भाग आजही निजो किल्ल्याच्या दक्षिणेस पाहावयास मिळतो. म्हणजे हवामान खात्याचे झाड आणि बाराशे वर्षांपूर्वीची उत्सवभूमी ही दोन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यानंतर सम्राट, सरदार, भिक्षू अशा अनेकांनी आपल्या रोजनिशीत फुलांच्या उत्सवाचे दिवस लिहून ठेवले. ओसाका येथील संशोधक यासुयुकी आओनो यांनी अशा जुन्या नोंदी परिश्रमपूर्वक जमा केल्या. त्या काळच्या तिथी आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे बदलून घेतल्या आणि क्योतोत साकुरा कोणत्या वर्षी केव्हा फुलला, याची मालिकाच तयार केली. मध्ये अनेक वर्षांच्या नोंदी सापडत नाहीत; तरी इतक्या दीर्घ काळाची अशी मालिका जगात दुर्मीळ आहे.

ही मालिका काय सांगते? पूर्वीच्या शतकांत क्योतोमधील पूर्ण बहर बहुधा एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येत असे. काही वर्षी तो लवकर येई. १४०९ साली तर तो २७ मार्चलाच आला होता. परंतु अशी वर्षे अपवादात्मक असत. गेल्या शतकापासून मात्र बहर सातत्याने अलीकडे सरकत आला, आणि २०२१ साली तो २६ मार्चला आला. उपलब्ध नोंदींत इतका लवकर बहर त्यापूर्वी कधीच आढळला नव्हता. याची प्रमुख कारणे दोन आहेत. पहिले, कोळसा व खनिज तेल जाळल्याने वातावरणात साठणाऱ्या वायूंमुळे सगळ्या पृथ्वीचेच तापमान वाढत आहे. दुसरे, डांबरी रस्ते, सिमेंटच्या इमारती व वाहने यांच्यामुळे नगरांतील हवा भोवतालच्या प्रदेशापेक्षा अधिक तापते. अशा लवकर बहराच्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला फुले उरत नाहीत. झाडांना पाने फुटलेली असतात. जपानच्या दक्षिण भागात तर वेगळीच अडचण संभवते. हिवाळा फारच उबदार झाला, तर कळ्यांची निद्रा नीट मोडत नाही आणि फुले उशिरा व विस्कळीतपणे येतात.

ज्यांनी आपल्या रोजनिशीत फुलांचे दिवस लिहिले, त्यांना आपण विज्ञानाची सेवा करीत आहोत, याची कल्पनाही नव्हती. त्यांनी आनंद झाला म्हणून लिहिले. परंतु तो आनंद नुसता उपभोगून संपला नाही. त्यांनी नीट पाहिले, दिवस टिपून ठेवला, आणि म्हणूनच पृथ्वीच्या प्रकृतीत होणारा बदल आज मोजता येतो.

जे फुलते, ते जपण्याचीही क्योतोला सवय आहे. मारुयामा उद्यानात साकुराचा एक विख्यात वृक्ष होता. त्याच्या फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या खाली झुकलेल्या असत. १९४७ साली तो वृक्ष वठला. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. अन्नवस्त्राचीही टंचाई होती. तरीही त्याच वृक्षाच्या बीजापासून एका माळ्याने जतन करून वाढवलेले झाड १९४९ साली त्या जागी लावण्यात आले. आज लोक ज्या वृक्षाखाली जमतात, तो हाच होय.

परदेशातील अध्ययन पुरे करून विद्यार्थी मायदेशी परततो, तेव्हा त्याच्याजवळ पदवी असते. परंतु क्योतोचा वसंत ज्याने डोळसपणे पाहिला, त्याने त्याबरोबर आणखी एक विद्या मिळवलेली असते. गावच्या माळावरील पळस किंवा रस्त्याकडेचा बहावा पूर्वी त्याच्या नजरेसमोरून नुसताच निघून जात असे. आता पहिली कळी उमललेली पाहून तो थांबतो, घरी जातो आणि वही काढून त्या दिवसाची तारीख लिहून ठेवतो.